नव्या ड्रायव्हरने सुरुवात मोठ्या कंपनीत करावी की ओळखीच्या मालकाकडे?

माणदेशी
मत आधीच सांगून टाकतो. हेवीचं, म्हणजे ट्रकसारख्या जड गाडीचं, लायसन नुकतं हातात आलेल्या पोरानं पहिली दोन-तीन वर्षं मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गाडीवर काढावीत. गावातला दोन-चार गाड्यांचा मालक महिन्याला थोडे जास्त देत असला तरीही.

मी भिवंडीत गोदामावर गाड्या लावून घ्यायचं काम करतो, त्यामुळे दोन्हीकडचे ड्रायव्हर रोज समोर असतात. माण, खटाव, जत भागातली बरीच तरुण पोरं "दादा, कंपनीत चिकटवा" म्हणून फोन करतात. घरचे मात्र त्यांना सांगतात, कंपनीच्या नादाला लागू नको, अमक्याच्या गाडीवर जा, तो आपला माणूस आहे.

आपल्या माणसाकडे काय होतं? पगार रोख. नेमणुकीचा कागद नाही. लग्नाला किंवा घराला उचल घेतली की ती फिटेपर्यंत गाडी सोडता येत नाही. पीएफ नाही, कारण तो कायदा वीस माणसांपासून पुढे लागू होतो आणि मालकाकडे माणसं असतात पाच. कंपनीत निदान पगार बँकेत येतो, पीएफ कापला जातो, सुट्टी मांडली जाते. गाड्याही नव्या असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली आहे. ती सोय आधी कंपन्यांच्या ताफ्यात दिसणार. दहा वर्षं जुनी गाडी चालवणाऱ्या मालकाकडे ती कधी पोचेल?

माझा खरा मुद्दा शिकण्याचा आहे. साताऱ्याकडून पुण्यात येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतारच उतार. तिथे किती गाड्या दुसऱ्यांच्या अंगावर गेल्या, आपण सगळे वाचत आलोय. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मग प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते, हवेचा काटा खाली येतो, स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, आणि मागे वीस-पंचवीस टन माल ढकलत असतो. ही सवय पोराला उस्तादाने, म्हणजे शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरने, लावलेली असते. चांगल्या कंपनीत गाडी न्यूट्रलला उतरली की जीपीएसच्या यंत्रावरून ऑफिसात कळतं आणि ड्रायव्हरला ट्रेनरपुढे बसवतात. पहिल्याच वर्षी हे व्हायला हवं. नंतर हात वळत नाही.

गाडीमालक_कराड
माझ्या तीन गाड्या आहेत, म्हणजे तुमचा बाण माझ्यावरच आहे. उत्तर देतो.

पहिलं, कंपनी नव्या पोराला घेतेच कुठे? जाहिरात बघा, "हेवीचा किमान तीन वर्षांचा अनुभव." हा अनुभव कुठून आणायचा? माझ्यासारख्याच्या गाडीवरून. पोरगं आधी क्लिनर म्हणून येतं. टायरची हवा बघायला शिकतं, ताडपत्री बांधतं, रिव्हर्सला मागे उभं राहून आवाज देतं. मग मोकळ्या रस्त्यावर, उस्ताद शेजारी बसवून, रिकामी गाडी हातात मिळते. त्यात त्याच्याकडून गिअरबॉक्स गेला, आरसा फुटला, बंपर घासला, तर खर्च माझा. हे पोरगं तयार झालं की कंपनी तयार माल म्हणून उचलते आणि वर तुम्ही सांगता, सुरुवात कंपनीत करा.

दुसरं, कंपनीत तो काय शिकतो? बंद कंटेनर, सील लावलेलं, एकच लाइन. माझ्याकडे आज कळंबोलीहून पोलादी पत्र्याची कॉइल भरली, उद्या साखर, परवा पिंपळगावचा कांदा. कॉइलला पाचर कशी मारायची, साखळी कुठून ओढायची, कांद्याला वारा लागावा म्हणून ताडपत्री कुठे मोकळी ठेवायची, हे कंपनीचा ड्रायव्हर पाच वर्षांनीही सांगू शकणार नाही. कॉइल सुटली तर केबिन फोडून पुढे येते. तेव्हा जीपीएस काही कामाचं नाही.

आणि न्यूट्रलचं म्हणाल, तर किलोमीटरला इतकंच डिझेल असं ॲव्हरेज ठरवून फरक पगारातून कापणाऱ्या मोठ्या कंपन्याही आहेत. तो फरक भरून काढायला पोरगं उतारावर काय करेल?

आष्टीची_सून
माझे मालक, म्हणजे माझे नवरे, ट्रक चालवतात. तुम्ही दोघं गाडीचं बोलताय, मी घराचं बोलते.

ते एका लहान गाडीमालकाकडे होते. रात्री उभ्या ट्रेलरला मागून धडक बसली आणि पाय दोन ठिकाणी मोडला. गाडीमालक त्याच रात्री दवाखान्यात आले आणि सुरुवातीचे पैसे त्यांनीच भरले. हे मी नाकारणार नाही, कंपनीचा साहेब रात्री दोनला आला नसता. पण नंतर पाच-सहा महिने घरात पगार नाही. गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरची जबाबदारी धरलेली असते, नुकसानभरपाई मागता येते, हे मला खूप उशिरा एका वकिलांनी सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, तुमचे यजमान त्यांच्याकडे नोकरीला होते याचा पुरावा काय? आमच्याकडे एक वही होती. उचल किती आणि फेड किती, एवढंच त्यात. पगार, नेमणूक, काहीच नाही. गाडीमालकांनीही मग फोन घेणं कमी केलं.

पीएफ असला की त्याबरोबर विमा असतो. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना कमाल ७ लाखांपर्यंत मिळतात. फार नाही, पण दोन लेकरांची शाळा सुटत नाही. माझा धाकटा दीर आता हेवीचं लायसन काढतोय. त्याला मी कंपनीतच पाठवणार.

लाइनवाला_कंटेनर
मी एका मोठ्या कंपनीचा माल वाहतो. शब्द नीट वाचा, कंपनीचा माल. गाडीवर रंग कंपनीचा, नाव कंपनीचं, आणि आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, तिसऱ्याच्या नावावर. या धंद्यात बरीचशी मोठी नावं अशा लावलेल्या गाड्यांवर चालतात. स्वतःच्या हजारो गाड्या बाळगणारी हुबळीच्या व्हीआरएलसारखी कंपनी थोडी वेगळी. त्यामुळे "कंपनीत लागलो" म्हणून गावात पेढे वाटणाऱ्या पोराला कळतं की आपण ठेकेदाराचे. पीएफचा नंबर मागितला की "पुढच्या महिन्यात" हे उत्तर.

माणदेशी दादा, जीपीएसवर तुमचा फार विश्वास दिसतो. माझा अनुभव सांगतो. गाडी वीस मिनिटं थांबली की फोन येतो, "गाडी का उभी आहे?" चौदा तास सलग चालली तर फोन येत नाही. भिवंडी ते बेंगळुरू साधारण हजार किलोमीटर, वाटेत खंबाटकी आहे, टोल आहेत, शहरांचे नो एन्ट्रीचे तास आहेत. मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलाचा नियम दर २०० किलोमीटरला एक दिवस देतो, म्हणजे कायद्याने पाच दिवस. कंपनीचं वेळापत्रक त्याच्या आसपासही नसतं. नवा पोरगा नाही म्हणायला घाबरतो, तोच सगळ्यात जास्त ताणला जातो.

पोचल्यावर गोदामाबाहेर रांग. संडास नाही, पाणी नाही, गाडी सोडून जायचं नाही कारण नंबर कधीही लागेल. या थांबण्याचे पैसे ड्रायव्हरला मिळत नाहीत. भिवंडीवाल्यांना हे ठाऊक असणारच.

ह्यूस्टनकर_विदर्भी
इकडे माझे दोन शेजारी ट्रक चालवतात, म्हणून कामाच्या तासांबद्दल एक भर. अमेरिकेत ड्यूटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत ११ तासच गाडी चालवता येते, नंतर सलग १० तास विश्रांती. इंजिनला जोडलेलं यंत्र ते नोंदवतं आणि रस्त्यावर तपासणीत ते बघितलं जातं. यंत्र ड्रायव्हरवर जितकी नजर ठेवतं तितकीच कंपनीवर. इकडेही मोठ्या कंपन्या नव्यांना फुकट शिकवतो म्हणून घेतात आणि आधी सोडलं तर शिक्षणाचा खर्च मागतात. एक कंपनी मोठी आहे म्हणून भली आहे असं इथेही कोणी मानत नाही. पण तासांचा नियम सगळ्यांना लागू आहे.

माणदेशी
कंटेनरवाले भाऊ, रांगेचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, मी रोज बघतो. आमच्या गेटवरही ड्रायव्हरसाठी धड नळ नाही, आणि तो असावा म्हणून मी भांडलोय.

तासांचा नियम आपल्याकडेही आहे. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. तो कायदा आता २०२० च्या कामगार संहितेत गेला. पाळत कोणीच नाही. तरी माझं म्हणणं असं, की कंपनीकडे निदान नोंद आहे. गाडी कधी निघाली, कुठे थांबली, किती चालली. उद्या अपघात झाला, कोर्टात गेलं, तर ती नोंद मागवता येते. आष्टीच्या ताईंकडे एक वही होती.

कराडकर, गाडी शिकवायचा खर्च तुम्ही करता हे मान्य. पण कॉइल बांधायला शिकवणारा प्रत्येक मालक तुमच्यासारखा नसतो. ज्याच्याकडे उस्तादच उतारावर इंजिन बंद करतो, त्याच्याकडे पोरगं तेच उचलणार. त्यापेक्षा पुण्यात नाशिक फाट्याला सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या संशोधन संस्थेची ड्रायव्हिंग संस्था आहे, तिथे शिकावं. मान्यताप्राप्त केंद्रात हेवीचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. त्याचा दाखला घेऊन कंपनीच्या दारात गेलं तर बोलायला तोंड राहतं.

गाडीमालक_कराड
३८ तासांत खंबाटकीत भरलेली गाडी वर काढून दाखवा. सहा आठवडे घर कोण चालवणार तेही सांगा. माझ्याकडे पोरगं पहिल्या दिवसापासून खोराकीवर, म्हणजे जेवणखर्चावर, असतं.

पिकअपवाला
मध्ये बोलतो, माफ करा. वीस वर्षांचं पोरगं थेट चौदा टायरवर बसवायचं कशाला? हेवीसाठी आधी एक वर्ष जुनं लाइट लायसन लागतंच. त्या वर्षात पिकअप, टेम्पो चालवावा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला साधं लाइट लायसन चालतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. मार्केट यार्डात पहाटे रिव्हर्स लावताना जे डोळे तयार होतात ते पुढे कामाला येतात. पोच घेणं, वाराईचा म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा हिशोब, बिल्टी म्हणजे मालाची पावती वाचणं, सगळं तिथे कळतं आणि रात्री घरी येता येतं.

लाइनवाला_कंटेनर
पिकअपवाल्या भाऊंशी सहमत.

आणि एक, मी कंपनीच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. मला जायचंच आहे तिकडे, पण कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर. नव्या पोरांना एवढंच सांगेन, गाडीची किल्ली घ्यायच्या आधी आरसी मागा आणि नाव वाचा. नेमणूक पत्रावर शिक्का कंपनीचा की ठेकेदाराचा ते बघा. पीएफचा पहिला हप्ता जमा झाला का ते मोबाईलवर तपासा, साहेबाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. आणि डिझेल कमी पडलं तर कापणार का, टायर फुटला तर कोणाचा, हे जुन्या ड्रायव्हरला डेपोच्या बाहेर चहाच्या टपरीवर विचारा. ऑफिसात विचारलं तर "तसं काही नसतं" असंच सांगतात.

गाडीमालक_कराड
आष्टीच्या ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. फोन न घेणारा माणूस माझ्या धंद्यातला आहे, याची लाज वाटते. पण माझी अडचणही समजून घ्या. वीस माणसं माझ्याकडे नाहीत, पीएफ मी कुठून आणू? भाडं ठरवतो दलाल, डिझेल मी ठरवत नाही, आणि वर्षभर शिकवलेलं पोरगं दोन हजारांसाठी निघून जातं. मी माझ्या ड्रायव्हरांचा अपघात विमा स्वतः काढलाय. याच्यापुढे लहान मालकाने काय करायचं?

आष्टीची_सून
दादा, विमा काढलात, तुमचं भलं होवो. पण मी मागतेय त्याला वीस माणसं लागत नाहीत. एका कागदावर ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर, कामाला लागल्याची तारीख, महिन्याचा पगार आणि खाली तुमची सही. पगार बँकेत टाका, म्हणजे दर महिन्याला आपोआप पुरावा तयार होतो. क्लिनरलाही असंच द्या, त्याचं तर नावच कुठे नसतं. हे तुम्ही तुमच्या तिन्ही गाड्यांवर या महिन्यात केलंत आणि इथे येऊन सांगितलंत, तर दिराला तुमच्याकडे पाठवायचा मी विचार करीन.