४७११ म्हणजे घराचा नंबर
जर्मनीतल्या कोलोन शहराच्या रेल्वे स्टेशनात कोलनवॉटरची (सुगंधी पाण्याची) उजळती पाटी आहे; तिच्यावर नावाऐवजी ४७११ का, असं कुणी विचारलं होतं. तो घराचा नंबर आहे! १७९४ मध्ये फ्रेंच सैन्यानं शहर घेतलं, त्या सुमारास घरांना सलग क्रमांक पडले. ग्लोकेनगासे गल्लीत हे कोलनवॉटर बनवणाऱ्या म्युलहेन्स यांच्या घराला ४७११ आला, पुढे तोच बाटलीवर चढला.

आमच्या मूर्तिजापूरकडच्या खेड्यात ताप चढला की माय कपाळावर कोलनवॉटरची पट्टी ठेवायची. त्या पाण्याला स्वतःचं गाव आहे आणि त्या गावात त्याची पाटी थेट स्टेशनात लागलीय, हे कळून फार भरून आलं. मायच्या पदराला तो वास दिवसभर राहायचा.