मदत हवी आहे: बांधावरचं वारूळ आणि घोरपड

नमस्कार मंडळी, आमच्या शेताच्या बांधावर जुनं मोठं वारूळ आहे आणि त्यात घोरपड ये-जा करते, धुळीत पंजांचे ठसे आणि मधोमध शेपटीची नागमोडी रेघ रोज दिसते, परवा तर समोरच आली, दुभंगलेली जीभ लपलप बाहेर काढत, मला बघितल्यावर गळा फुगवून फुस्स केलं आणि पळाली. आता काका म्हणतायत जेसीबी लावून बांध सपाट करू, तेवढीच जमीन वाढेल. मी वाचलंय की घोरपड पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालते, बऱ्याचदा वारुळात, आणि पिल्लं बाहेर यायला कित्येक महिने लागतात, मग आत अंडी असली तर सगळंच संपलं ना? आणि उंदीर, किडे खाते ती, पिकाचं नुकसान काहीच करत नाही, पण हे कोण ऐकतंय.

दुसरी काळजी, गावात काहीजण मटणासाठी आणि तेलासाठी मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद, तरी कोणी घाबरत नाही. ‘हत्थाजोडी’ म्हणून जी मुळी विकतात ती खरं तर नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हेही लोकांना सांगून पटत नाही.

तर कोणी असा बांध वाचवलाय का? वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर आधीच फोन करू की नुसतं वारूळ सोडून बाकी बांध काढला तर चालेल? आणि किती जागा सोडावी? काकांशी भांडण न होता जमलं तर बरं.