क्यूएम/एमएम: सेरीन १९५ ची सीमा कुठे तोडू?

अंबाझरीकाठ (नागपूर):
नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष, कायमोट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमवर क्यूएम/एमएमने (मधला भाग क्वांटम पद्धतीने, बाकीचा साध्या बलसूत्रांनी) काम करून राहिली. सेर१९५ (सेरीन १९५) चा ऑक्सिजन सब्स्ट्रेटच्या कार्बोनिलवर जातो, ती पायरी बघायची आहे. क्यूएमला बी३एलवायपी पद्धत, ६-३१+जी* बेसिस (इलेक्ट्रॉनांसाठीचा फंक्शनसंच), बाकी प्रथिन आणि पाणी एमएममध्ये, म्हणजे साध्या बलसूत्रांच्या अ‍ॅम्बरमध्ये, इलेक्ट्रोस्टॅटिक एम्बेडिंग (एमएमचे बिंदूप्रभार क्यूएमच्या इलेक्ट्रॉनांना दिसतात).

ऑक्सिजन-कार्बन अंतर ३.० अँगस्ट्रॉमपासून ०.१ ने कमी करत स्कॅन लावला. २.३ ला एससीएफ (इलेक्ट्रॉन-घनतेची फेऱ्याफेऱ्यांनी होणारी गणना) नुसतं हेलकावे खातं, कन्व्हर्जच होत नाही. आउटपुट उघडलं तर लिंक हायड्रोजनवर (तोडलेल्या बंधाच्या टोकाला लावलेल्या) मुलिकन प्रभार −०.५!

सेर१९५ आख्खा क्यूएममध्ये आहे, दोन्हीकडे पेप्टाइड बंधावर तोडलाय. एक तर अ‍ॅम्बरमध्ये त्याच्या प्रभारांची बेरीज शून्य येते, हिशोब सरळ बसतो. दुसरं म्हणजे त्याचा एनएच ऑक्सिअ‍ॅनायन होलमध्ये, म्हणजे सब्स्ट्रेटच्या ऋण होणाऱ्या ऑक्सिजनला सावरणाऱ्या खिशात, आहे, तो बाहेर ठेवायला मन धजत नव्हतं.

लॅबमध्ये एकच वर्कस्टेशन. दुपारी ४५ अंशांत ते बंदच ठेवावं लागतं, जॉब रात्री दहानंतर लावते. पहाटे जॉब मेला की पुढची रात्र येईपर्यंत हात बांधलेले. अशा तीन रात्री गेल्या. कुणी सांगेल का?

ग्रिडपॉइंट:
मेकॅनिकल एम्बेडिंग लावून बघा. प्रभारच दिसले नाहीत तर एससीएफ लगेच बसेल.

जुना_प्रोटॉन:
ताई, ते नका करू. एससीएफ बसेल, पण इलेक्ट्रॉनांना भोवतालचं प्रथिन दिसणारच नाही. टेट्राहेड्रल इंटरमीजिएटच्या, म्हणजे हल्ल्यानंतर बनणाऱ्या मधल्या अवस्थेच्या, ऑक्सिजनवर ऋण प्रभार साचतो आणि तो ऑक्सिअ‍ॅनायन होल सावरतं. वॉर्शेल आणि लेव्हिट यांनी १९७६ मध्ये लायसोझाइमवर ही पद्धत मांडली, तेव्हाही प्रश्न हाच होता: प्रभार आलेल्या मधल्या अवस्थेला एन्झाइम आधार कसा देतं?

तुमची अडचण कागदावर मोजा. पेप्टाइडचा सी–एन बंध सुमारे १.३३ अँगस्ट्रॉम, नायट्रोजनवरचा लिंक हायड्रोजन १.०१ वर. म्हणजे अ‍ॅस्प१९४ (साखळीतला आधीचा अ‍ॅस्पार्टेट) चा कार्बोनिल कार्बन, +०.५३६६ प्रभार घेऊन, त्या हायड्रोजनपासून ०.३२ वर बसलाय! खऱ्या अणूचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या इलेक्ट्रॉनांना आत शिरू देत नाहीत. बिंदूप्रभाराला तसं कवच नाही, म्हणून घनता तिकडे ओढली जाते. वर तुमच्या बेसिसमधली ती ‘+’ची डिफ्यूज (दूरवर पसरलेली) फंक्शन्स, ती तर वाटच मोकळी करून देतात.

शिवण असते तिथेच उसवायचं. सी–एन मध्ये अर्धा दुहेरी बंध आहे, तिथे कात्री लावू नका. सी-अल्फा–सी-बीटा, म्हणजे पाठकणा आणि बाजूसाखळी यांच्यामधला साधा बंध, तोडा. अ‍ॅम्बरमध्ये सेरीनच्या सी-अल्फावर फक्त −०.०२४९ आहे, तोही शून्य करा.

एनएच बाहेर गेला तरी त्याच्या हायड्रोजनचा +०.२७१९ क्यूएमला दिसत राहतो. आधी असा स्कॅन पुरा करा. मग एनएच आत घेऊन तपासा, पण तेव्हा १९४ चा सी=ओ सोबत घ्या. पेप्टाइड गट अर्धा घेऊ नये.

इमिडाझोल:
एक विचारू? हिस५७ चं (सेरीनचा प्रोटॉन घेणाऱ्या हिस्टिडीनचं) नाव फाइलमध्ये काय आहे? नुसतं ‘हिस’ दिलं तर टीलीप (फाइल बांधणारं साधन) त्याला एचआयई धरतो, प्रोटॉन एप्सिलॉन नायट्रोजनवर. तुम्हाला एचआयडी पाहिजे, प्रोटॉन डेल्टा नायट्रोजनवर. नाहीतर सेरीनचा प्रोटॉन घ्यायला जागाच नाही.

अंबाझरीकाठ (नागपूर):
एचआयईच होतं. वाचून पोटात गोळा आला, कारण मागची सगळी एमडीसुद्धा (रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन) त्याच टोपॉलॉजीवर, म्हणजे अणू-बंधांच्या त्याच फाइलवर, झाली होती. परवा बसून सगळं नव्यानं बांधलं, एमडी परत चालवली. काल रात्री ३.० चा पहिला पॉइंट बसला, लिंक हायड्रोजन आता +०.१४ वर आहे. इमिडाझोल, तुम्ही विचारलं नसतं तर मी पूर्ण उन्हाळा चुकीच्या प्रोटॉनवर घालवला असता. मनापासून आभार.

दादा, एक राहिलं. बाजूसाखळीची बेरीज +०.०५५ येते, म्हणजे पाठकण्यात −०.०५५ उरतात. ते कुठे टाकू?

जुना_प्रोटॉन:
सी-अल्फा शून्य केला की उरलेल्या पाचांची बेरीज −०.०३०१ होते, ती शून्यावर आणायची. सी-अल्फाला जोडलेल्या एन, एचए आणि सी या तिघांवर +०.०१ च्या आसपास प्रत्येकी वाटा. आणि हिस५७, अ‍ॅस्प१०२ (अ‍ॅस्पार्टेट, प्रभार −१) लाही तसंच करा. क्यूएमचा एकूण प्रभार −१ लिहिलाय ना, तेवढं बघा.