उबुंटू २२.०४ : पायथनची आवृत्ती बदलल्यावर डेस्कटॉप बिघडला, मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या कारखान्यात ओतकामाची ड्रॉइंग्ज ज्या संगणकावर आहेत, त्यावर (ऑपरेटिंग सिस्टिम उबुंटू २२.०४) नव्या प्रोग्रामसाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१० ऐवजी ३.१२ ही मुख्य आवृत्ती लावण्यात आली. तेव्हापासून टर्मिनल (कमांड लिहिण्याची खिडकी) उघडत नाही, आणि कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून मिळणाऱ्या काळ्या पडद्यावरून नवी रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर मिळवण्याचा स्रोत) जोडू पाहिल्यास ‘एपीटी_पीकेजी’ (apt_pkg) हे पायथनचे मॉड्यूल सापडत नसल्याचा संदेश येतो. उबुंटूची ही साधने ३.१० साठीच बांधलेली असल्यामुळे ‘python3’ हे नाव पुन्हा ३.१० कडे वळवून जुनी जोडणी पूर्ववत करणे मला योग्य वाटते, ३.१० काढलेले नाही, हे सुदैवच. तेवढ्याने भागेल, की हे मॉड्यूल ज्यात असते ते पायथन३-एपीटी (python3-apt) पॅकेज पुन्हा बसवावे लागेल? नवा प्रोग्राम ३.१२ च्या स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (मुख्य पायथनला धक्का न लावणाऱ्या वेगळ्या कप्प्यात) चालवावा का? जाणकारांनी कमांड क्रमाने सांगाव्यात, ही विनंती.