भरिताचं वांगं: नवीन संकरित वाण गावरानाशी कसा ताडून पाहावा?

मळेकरी_यावल
राम राम मंडळी. घरचं गावरान बी आहे, हिरवं, पांढऱ्या रेघांचं, भरिताचंच. दुकानदार यंदा एक नवीन संकरित वाण घ्या म्हणतो. रंग तोच, देठ बिनकाट्याचा, फळ मोठं आणि एका मापाचं. १० गुंठे रान आहे, ठिबक आहे, जमीन पोयट्याची. अर्ध्यात हे, अर्ध्यात ते लावावं असा विचार आहे. मोजायचं काय काय? माल सगळा भरीतवाल्यांकडे आणि हुरड्या-भरिताच्या पार्ट्यांना जातो, त्यामुळे नुसत्या वजनावर जाता येत नाही. आणि चव ताडायची कशी? घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं.

तापीकाठ
पाच-पाच गुंठ्यांचे दोन तुकडे करू नका भो. विहिरीकडची बाजू आणि बांधाकडची बाजू कधीच सारखी नसते. लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) शेवटाला पाणी कमी पडतं, केळीच्या बागेशेजारी सावली पडते, आणि मग फरक वाणाचा की जागेचा हे सांगता येत नाही.

त्यापेक्षा चार ठिकाणी जोड्या लावा. प्रत्येक ठिकाणी एक वाफा गावरानाचा, शेजारी एक नवीनाचा. कुठला डावीकडे ते नाणं उडवून ठरवा. ४ बाय ३ फुटांवर लावत असाल तर वाफ्यात ४ ओळी, ओळीत ६ झाडं, म्हणजे २४. कडेची झाडं मोजायची नाहीत, आतली ८ मोजायची. चार ठिकाणची मिळून प्रत्येक वाणाची ३२ झाडं हाती येतात आणि सगळं मिळून सव्वादोन गुंठ्यांत बसतं. उरलेल्या रानात गावरानच ठेवा. नवीन वाणावर पहिल्याच वर्षी अख्खं रान लावायची काही गरज नाही.

रोपं एकाच दिवशी, एकाच कोकोपीटमध्ये, सारख्या ट्रेमध्ये टाका. इथेच फसगत होते: संकरित बी महाग म्हणून ते ट्रेमध्ये आणि घरचं बी गादीवाफ्यावर. मग ट्रेचं रोप मुळासकट लागून पहिले १०-१५ दिवस पुढे पळतं आणि लवकर तोड्याचं श्रेय वाणाला जातं. खतही दोघांना तेच. हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश १५०:७५:७५ किलो धरलं तर एकरी ६०:३०:३० होतं, म्हणजे युरिया १३० किलो, सुपर फॉस्फेट १८७ किलो, पोटॅश ५० किलो. स्फुरद, पालाश आणि अर्धं नत्र लागवडीला, बाकीचं नत्र हप्त्याहप्त्याने.

वहीत दर तोड्याला तीन वजनं लिहा: चांगला माल, किडका माल, वाकडा-डागी माल. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीने भोक पाडलेलं फळ फेकून दिलं आणि लिहिलं नाही, तर त्या वाणाची खोड कधीच कळणार नाही. सुकलेले शेंडे दर आठवड्याला मोजून मग खुडा. पर्णगुच्छाचं (बारीक पानांचा झुबका होणाऱ्या रोगाचं) झाड दिसलं की उपटा, पण आकडा लिहूनच.

बी_पारखी
फुलांकडेही बघा, बरेच जण बघत नाहीत. उमललेलं फूल हातात घ्या. पिवळ्या पुंकेसरांच्या नळीतून हिरवी कुक्षी (परागकण जिथे पडतात ते स्त्रीकेसराचं टोक) बाहेर डोकावत असेल किंवा टोकाशी बरोबरीला असेल तर फळ धरतं. आत दडलेली असेल तर ते फूल बहुतेक गळतं. प्रत्येक वाणाची ५० फुलं तपासा, एकदा ऑक्टोबरात आणि एकदा ऐन थंडीत. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा उतरला की परागकण नीट काम करत नाहीत, फळधारणा घटते, फळं लहान राहतात. भरिताला मागणी नेमकी तेव्हाच! ऑक्टोबरात ढीग देऊन जानेवारीत हात वर करणारा वाण तुमच्या कामाचा नाही, एकूण टनेज कितीही दिसो.

केळीवाला
एवढा खटाटोप कशाला? हंगामभरात जो जास्त पैसे देईल तो चांगला. व्यापारी भाजून बघत नाही.

बी_पारखी
पैसेच मोजा ना, पण मग प्रत्येक तोड्याचं वजन त्या दिवशीच्या भावाने गुणून. चंपाषष्ठीच्या आसपासचा क्विंटल आणि पहिल्या तोड्याचा क्विंटल एका भावाचा नसतो. शिवाय यांचा माल भरीतवाल्याकडे जातो, आणि तो भाजूनच बघतो.

भरीत_भट्टी
भाजण्याचं मी सांगतो, कारण खरा निकाल तिथेच लागतो.

आधी फळ एका वयाचं हवं. देठाला फळधारणेच्या दिवशी रंगीत दोरा बांधा आणि दोन्ही वाणांची फळं सारख्या दिवसांनी तोडा. सालीची चकाकी गेलेलं फळ घेऊ नका. त्यात बी कडक झालेलं असतं, भरीत कचकचतं आणि कडवट लागतं. गावरान जून आणि नवीन कोवळं असं ताटात आलं की नवीन वाण उगाच जिंकतो. उलटंही होतं.

प्रत्येकी १० फळं घ्या, धुवा, पुसा, वजन करा. देठ ठेवा. दोरा जळतो, म्हणून देठात बारीक तार अडकवा: गावरानाला एक वेढा, नवीनाला दोन. सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर मोठं फळ आतल्या वाफेने फुटतं आणि गर राखेत जातो. मग वीसही फळं एकाच जाळावर, सरमिसळ करून. कपाशीच्या काड्यांचा जाळ भसकन येतो आणि तसाच उतरतो, त्यामुळे एक वाण आधी आणि दुसरा नंतर भाजला तर तुलना तिथेच संपली.

भाजताना देठाजवळचा भाग बघा. बुडखा लोण्यासारखा झाला तरी खांद्याशी गर टणक राहतो का? फार मोठ्या, गोलसर फळात हा दोष हमखास असतो. बाहेर कोळसा, आत कच्चं. साल निघतानाही फरक कळतो. चांगल्या वांग्याची साल लांब पट्टीने निघते. पातळ सालीचे तुकडे गराला चिकटून बसतात आणि शंभर किलोच्या ऑर्डरीला सोलणाऱ्या बाया वैतागतात.

सोललेला गर चाळणीत १५ मिनिटं निथळू द्या, मग वजन करा. समजा एक किलो गावरानातून ६५० ग्रॅम गर आला आणि नवीनातून ५५०, तर नवीनाचं शेतातलं वजन १८ टक्के जास्त असेल तेव्हा कुठे गराची बरोबरी होते. निथळलेलं पाणीही बघा. पाणचट गर बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचला की लगदा होतो, रेषा राहत नाही, आणि फोडणीत तेल पीत नाही, वर तरंगतं.

मळेकरी_यावल
हे भारी झालं. चवीचं मात्र अजून अडलंय. मसाला घालून चाखायचं की नुसतं?

बी_पारखी
आधी नुसतं, मीठ तेवढं सारखं मोजून. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात पडली की निम्मे दोष झाकले जातात.

प्रत्येकाला तीन वाट्या द्या, दोनमध्ये एकच वाण, तिसरीत दुसरा. वाट्यांवर अक्षर नको, उगाच तीन आकडी नंबर टाका आणि कुणाला दोन गावरान, कुणाला दोन नवीन असा क्रम बदलत राहा. विचारायचं एवढंच की वेगळी वाटी कोणती. अंदाजाने तिघांत एक जण बरोबर येतोच. १२ जणांत ८ किंवा जास्त बरोबर आले तर फरक खरा धरा. त्याहून कमी आले तर चवीचा वाद तिथेच मिटवा, मग गर आणि टिकाऊपणावर निर्णय घ्या. ८ ओलांडले तरच ‘कोणतं आवडलं’ हा पुढचा प्रश्न. थंड भरिताची चव बसते, सगळ्यांना कोमटच द्या.

तापीकाठ
टिकाऊपणासाठी दोन्हीचे २०-२० किलोचे क्रेट सावलीत तीन दिवस ठेवा, रोज वजन करा. सुरकुती आधी कुठल्या सालीला पडते ते दिसेल. बिनकाट्याच्या देठाचा फायदा इथे खरा आहे. काटेरी देठ शेजारच्या फळाला टोचतो आणि तिसऱ्या दिवशी तिथे काळा डाग बसतो.

अजून एक. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते इथल्या गावरान वांग्याला. नवीन वाण कितीही चांगला निघाला तरी त्या नावाने विकू नका, स्वतःच्या नावाने विका.

मळेकरी_यावल
दोन्ही शेजारी लावले तर माझं गावरान बी बिघडेल का?

बी_पारखी
बिघडू शकतं. वांगं बरंचसं स्वतःच फळतं, पण मधमाश्या-भुंग्यांमुळे परपरागण होतंच. प्रमाणित बियाण्यालाही १०० मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाण्याला २००. तेवढं रान तुमच्याकडे नाही, म्हणून बियाण्याची १५-२० झाडं गावरानाच्या तुकड्यात आधीच हेरून ठेवा. रोग नसलेली, रेघ आणि आकार जुळणारी. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी बटर पेपरच्या पिशवीत बांधा, फळ सुपारीएवढं झालं की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधा. ते फळ तोड्यात जाऊ देऊ नका, तोडणाऱ्यांना आधीच दाखवून ठेवा, नाहीतर तेच सगळ्यात आधी क्रेटमध्ये जातं. पूर्ण पिवळं पडलं की तोडायचं, गर कुस्करून पाण्यात धुवायचं, बुडाशी बसलेलंच बी घ्यायचं, वर तरंगणारं टाकायचं. वाळवायचं सावलीत. संकरित वाणाचं घरी धरू नका, पुढच्या पिढीत लांब, गोल, जांभळं, सगळं निघेल.