मदत हवी आहे: ई-सिगारेटच्या टाकीतल्या कॉइलचा कापूस एकतर करपतो नाहीतर गळतो, मधलं काही जमतच नाहीये

मंडळी, तीन आठवडे झाले, डोकं पिकलंय अगदी, म्हणून शेवटी धागा काढतोय. आधी तयार कॉइल वापरायचो, चव बिघडली की काढली जुनी आणि बसवली नवी, विषय संपला. मग हौस आली की आपणच तार गुंडाळायची, आपणच कापूस भरायचा, आणि घेतला आरटीए, म्हणजे कॉइल स्वतः बांधायची टाकी. तार गुंडाळायचं दोन दिवसांत जमलं, पण कापूस काही केल्या जमेना.

सेटअप सांगतो आधी म्हणजे परत परत विचारायला नको. एकच कॉइल, कँथलची (तापणारी) तार २६ गेज, ३ मिमीच्या सळईवर ६ वेढे, मॉडवर (खालच्या बॅटरीच्या डब्यावर) ०.८ ओहम दाखवतं, चालवतो २५ वॅटवर. लिक्विड ७० टक्के व्हीजी (ग्लिसरीन, दाट) ३० टक्के पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल, पातळ). कापूस साधा न ब्लीच केलेला, चौकोनी पॅडमधला, वरचे दाबलेले दोन थर सोलून टाकतो आणि मधला भुसभुशीत भाग घेतो.

आता प्रॉब्लेम. नवीन कापूस घातला की पहिले चार झुरके एक नंबर, चव पण मस्त, धूर पण भरपूर, आणि पाचव्याला घशात जे काही जातं ना, जळक्या कागदासारखं, दहा मिनिटं खोकलतोय मी नुसता. एकदा ती चव आली की तो कापूस गेलाच, कितीही लिक्विड ओता त्याच्यावर. मग मला वाटलं कापूस जास्त होतोय, म्हणून कॉइलच्या आतला कमी केला, पुढच्या वेळी अजून कमी केला, तर आता करपतोय तो करपतोयच पण वर गुडगुड आवाज यायला लागला, तोंडात गरम थेंब उडतात आणि सकाळी बघावं तर हवेच्या भोकांतून गळून खाली थारोळं. म्हणजे एकाच वेळी कोरडा पण आणि ओला पण, हे कसं काय शक्य आहे राव?

कोणीतरी नीट सांगा की कापूस नक्की किती, कुठे आणि कसा. व्हिडिओ बघून झालेत ढीगभर, सगळे म्हणतात "जास्त घट्ट नको, जास्त सैल नको". अरे पण म्हणजे किती!

प्रतिसाद:
वॅट कमी करा की. २५ कशाला पाहिजेत, १८ वर चालवा.

धागाकर्ता:
केलंय ते. १८ वर पाचव्याऐवजी आठव्या झुरक्याला करपतं, एवढाच फरक.

प्रतिसाद:
मग तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत बघा. वॅट कमी केल्यावर जळणं लांबतंय पण थांबत नाहीये, म्हणजे कापसात आहे तेवढं लिक्विड संपतंय आणि मागून नवीन येतच नाहीये. तार जास्त तापते हा दोष नाही, पुरवठा तुटतोय. कापूस ओला असेपर्यंत जळत नाही, कारण सगळी उष्णता लिक्विडची वाफ करण्यात जाते. पीजी १८८ अंशाला उकळतं, ग्लिसरीन म्हणजे तुमचं व्हीजी २९० ला, मिश्रण त्याच्या मधे कुठेतरी. लिक्विड संपलं की तापमानाला लगामच राहत नाही आणि मग कापूस करपायला एक झुरका पुरतो.

जुना कापूस फेकलाय का? नसेल तर कॉइलमधून कापूस न ओढता, तसाच डेक, म्हणजे कॉइल बसवायचा तळ, उघडून नीट बघा आणि सांगा की काळा डाग बरोबर मधे आहे का एका बाजूला सरकलेला आहे. आणि दोन्ही शेपट्या, म्हणजे कॉइलच्या बाहेर आलेली दोन टोकं, सारखीच ओली आहेत का ते पण बघा.

धागाकर्ता:
आत्ताच उघडून बघितलं. डाग डावीकडे आहे, मधे नाही. उजवीकडची शेपटी पूर्ण भिजलेली, दाबली तर टिपूस येतो. डावीकडची वरून ओली दिसते पण चिमट्याने उचलली तर खालचं टोक चक्क पांढरं आणि कोरडं! हे मी आजवर बघितलंच नव्हतं, जळला की सरळ उपटून फेकत होतो.

प्रतिसाद:
सापडलं मग बरंचसं. फक्त एक खात्री करा, कापूस काढून टाका आणि १०-१२ वॅटवर बटण एक एक सेकंद दाबत कॉइल बघा. लाली मधून सुरू होऊन दोन्हीकडे सारखी पसरली पाहिजे. डावं टोकच आधी लाल होत असेल तर तार त्या बाजूला गरम स्पॉट धरतेय, मग सिरॅमिक चिमट्याने वेढ्यांवरून हलकेच खरवडायचं, तंबोऱ्याची तार छेडतात तसं, आणि जवळ दाबून घ्यायचे. कापूस आत असताना आणि कोरडा असताना हे चुकूनही करू नका. साधा लोखंडी चिमटा असेल तर बटणावरचा हात काढून मगच तारेला लावा, शॉर्ट होतं.

धागाकर्ता:
केलं. लाली मधूनच येते, दोन्हीकडे सारखी. तार निर्दोष!

प्रतिसाद:
मी बाजूने घुसतोय, माझा पण हाच आरटीएचा प्रकार झाला होता. मी तर व्हीजी कमी करून ५०-५० वर आलो, पातळ लिक्विड पटकन पोचतं. पण मग गळायला लागलं, तेव्हा ते काही खरं नाही.

प्रतिसाद (वरचा जुनाच):
पातळ केल्याने रोग झाकला जातो एवढंच. आता धागाकर्त्यांनी केलेली मुख्य गडबड सांगतो, रागावू नका, बहुतेक सगळेच हे करतात. तुम्ही कापूस कमी केलात तो कॉइलच्या आतला. कमी करायचा होता तो शेपट्यांमधला. म्हणजे अगदी उलटं झालं.

कॉइलच्या आत कापूस भरलेला पाहिजे, प्रत्येक वेढ्याला आतून टेकलेला. ओढताना थोडा अडकत अडकत जायला हवा, पण कॉइल जागची हलता कामा नये आणि वेढे वाकता कामा नयेत. आत सैल ठेवला की तारेचा काही भाग नुसत्या हवेत तापतो आणि रिकाम्या जागेत लिक्विड साचतं, तेच मग उकळून थेंब उडतात. तुमची गुडगुड ती हीच. उलट शेपट्या विरळ पाहिजेत, कारण तिथून लिक्विड चढायचं असतं आणि त्याच वाटेने टाकीत हवेचा बुडबुडा आत जायचा असतो. बुडबुडा गेला नाही तर वर पोकळी तयार होते आणि ती लिक्विडला खाली येऊच देत नाही. फार विरळ केल्या तर हवा मनसोक्त आत जाते आणि लिक्विड मनसोक्त बाहेर. म्हणून तुमच्याकडे कोरडं आणि ओलं एकाच वेळी आहे, डावी बाजू बंद आणि उजवी उघडी.

आता डावीच का बंद, ते मला इथून दिसत नाही. चिमणी, म्हणजे डेकवर फिरवून बसवायची धुराची नळी, लावायच्या आधी आणि लावून परत काढल्यावर, दोन्ही वेळा त्या शेपटीची जागा बघा.

प्रतिसाद:
एवढा उपद्व्याप कशासाठी म्हणतो मी. तयार कॉइल घाला, त्याच्या बाजूच्या भोकांतून दिसणाऱ्या कापसावर चार-पाच थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, चालू. सगळ्यात बेस्ट म्हणजे सोडूनच द्या, मी दीड वर्षापूर्वी सोडली, निकोटीनची ओढ काही दिवस छळते पण जाते. आणि जोवर ओढताय तोवर करपलेला झुरका "एक अजून बघू" म्हणून ओढू नका, कोरडं तापलं की लिक्विडमधून फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं भरमसाट तयार होतात. तो खोकला तुमचं भलंच करतोय.

धागाकर्ता:
सोडायचं म्हणताय ते डोक्यात आहे, खोटं नाही सांगत, निकोटीन उतरवत आणलंय. पण तोवर जळका कापूस तरी नको.

आणि मंडळी, चोर सापडला!! डेकवर कापूस अगदी नीट लावला, दोन्ही शेपट्या लिक्विड आत येतं त्या खाचेच्या तोंडाशी, फोटो काढावा असा. मग चिमणी फिरवत बसवली आणि लगेच उलटी फिरवून काढली. उजवी शेपटी जागेवर. डावी मात्र चिमणीच्या कडेने घासत वर नेऊन ठेवलेली, खाचेच्या भिंतीवर, आणि वर चिमणी घट्ट झाल्यावर तिथेच चिरडलेली. म्हणजे मी रोज मन लावून कापूस लावत होतो आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत स्वतःच्याच हाताने वाट लावत होतो.

प्रतिसाद:
हाहा, हे भारीय. आता असं करा. शेपट्या डेकच्या बाहेरच्या कडेपर्यंतच ठेवून तिरक्या कापा, त्याहून लांब नको. मग चिमट्याने किंवा बारीक कंगव्याने विंचरा, सुटे धागे निघून येतील, साधारण एक तृतीयांश कापूस गेला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे चिमणी लावायच्या आधीच लिक्विड टाकून पूर्ण भिजवा. कोरडा कापूस फुगलेला असतो आणि कडेला अडकतो, ओला झाला की बसतो. मग चपट्या स्क्रूड्रायव्हरने खाचेत सारा, पण ठासू नका, तोंड झाकलं जाईल इतकंच. तळापर्यंत कोंबला की परत पुरवठा बंद.

भरताना खालची हवा बंद ठेवा, झाकण लावा, टाकी उलटी धरून मग हवा उघडा. हातमोजे नसतील तर निदान हात लगेच धुवा, निकोटीन कातडीतून आत जातं.

धागाकर्ता:
अपडेट, चार दिवसांनी. कॉइलमध्ये पहिल्यापेक्षा जास्त कापूस घातला, हात कापत होता घालताना कारण इतके दिवस उलटंच करत होतो. शेपट्या विंचरल्या, केवढा तरी भुगा निघाला. भिजवलं, सारलं, चिमणी अगदी सावकाश, आणि विश्वास नाही म्हणून परत काढून बघितली, दोन्ही शेपट्या जागेवर. दहा मिनिटं थांबलो. तेव्हापासून त्याच कापसावर आहे, २५ वॅट, लागोपाठ दहा-बारा झुरके घेतले तरी करपत नाही. आणि प्रत्येक झुरक्यानंतर डावीकडून एक, उजवीकडून एक असे बुडबुडे वर जातात, वेड्यासारखा तेच बघत बसलो होतो काल. गुडगुड बंद.

आता एकच राहिलंय, सकाळी हवेच्या भोकाशी अजून एखादा थेंब असतो. थारोळं नाही, थेंबच. टाकी अर्धी रिकामी असेल तेव्हाच होतं, भरलेली असेल तर नाही. कापूसच का परत?

प्रतिसाद:
नाही, कापसाला आता हात लावू नका. अर्ध्या टाकीत वर हवा जास्त असते, खोली तापली की ती फुगते आणि लिक्विड खाली ढकलते. रात्री भरून ठेवा नाहीतर हवा बंद करून ठेवा. तरी आलाच तर वरच्या झाकणाची रबरी रिंग बघा, चिरली असेल.

धागाकर्ता:
रिंग बघितली. चिरलीय. बदलतो आणि सांगतो.