मदत हवी आहे: डी अँड डी ऑनलाइन, मराठीतून खेळायचंय. मंडळी आणि साधनं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

कॉलेजपासून आमचा गट दर शनिवारी संध्याकाळी कोथरूडला जमून डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र होऊन मिळून कथा रचायचा फाशांचा खेळ) खेळायचा. डीएम, म्हणजे कथा चालवणारी, मीच असते. आता एक मैत्रीण म्युनिकला गेली, एक मित्र वाघोलीला राहायला गेला, तिथून शनिवारी संध्याकाळी कोथरूड गाठेपर्यंत खेळायचा उत्साहच संपतो. उरलेल्यांतल्या एकाच्या घरी तान्हं बाळ आहे. कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी कथा) अर्ध्यावर सोडायची माझी अजिबात तयारी नाही, म्हणून ऑनलाइन खेळायचं ठरवलंय. त्यासाठी अजून दोघं-तिघं हवीत.

पहिला प्रश्न माणसांचा. रोल ट्वेंटी या ऑनलाइन खेळायच्या साइटवर खेळाडू शोधायची सोय आहे, पण तिथले बरेचसे खेळ अमेरिकेच्या वेळेने चालतात. न्यूयॉर्कचे संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. शिवाय मला खेळ मराठीतूनच हवाय. मागच्या कथेत घाटातल्या एका किल्ल्याचा किल्लेदार गायब होतो. इंग्रजीत खेळताना दोन वाक्यांत गप्प होणारा आमचा एक मित्र त्या गडावरच्या म्हातारीशी शिधा मिळवण्यासाठी मराठीत घासाघीस करत राहिला, आणि त्या गप्पांतूनच पुढच्या भागाचं सूत्र मिळालं. पर्सेप्शन चेक, इनिशिएटिव्ह हे नियमांतले शब्द आहेत तसेच राहू देत, पण पात्रांनी मराठीत बोलावं.

दुसरा प्रश्न साधनांचा. माझा लॅपटॉप जुना आहे, तिघं तर मोबाइलवरूनच येतील. रोल ट्वेंटीवर मोठा नकाशा चढवला की लॅपटॉप अडकतो. फाउंड्री (याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर) एकदाच विकत घ्यावी लागते आणि तीही फक्त डीएमने, हे छान. पण ती स्वतःच्या मशीनवर चालवायची तर बाहेरून त्या मशीनपर्यंत पोचता यायला हवं, आणि माझ्या ब्रॉडबँडला स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता) नाही. हलकं काही आहे का?

अजून एक. चौदा वर्षांच्या भाच्यालाही खेळायचंय. अनोळखी मोठ्यांच्या टेबलवर त्याला बसवावं का?

प्रतिसाद १
ताई, तुमच्या गरजेला आउलबेअर रोडिओ पुरेल. ब्राउझरमध्ये चालतं, खेळाडूंना फक्त लिंक पाठवायची. नकाशा, टोकन (पात्रांच्या सोंगट्या), फॉग (अजून न पाहिलेला भाग झाकणं), बस. बोलणं डिस्कॉर्डवर ठेवा. नकाशाची चित्रं आधी लहान करून घ्या, निम्मा त्रास तिथेच वाचेल. खरं तर किल्ल्यातल्या चौकशीला नकाशा लागतोच असं नाही, लढाई आली की उघडा. नवीन मंडळींना पुस्तकं घ्यायला लावू नका. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उपलब्ध आहेत.

प्रतिसाद २
माणसांबद्दल सांगतो. थेट कॅम्पेनला बोलावू नका, आधी तीन तासांचा वन-शॉट (एकाच बैठकीत संपणारा खेळ) ठेवा. कोण दुसऱ्याचं ऐकून घेतं, कोण सगळ्यांच्या वतीने एकटाच बोलतो, ते तेवढ्यात कळतं. मग सेशन झीरो घ्या: वेळ, खेळाचा सूर, कुणाला कथेत काय नको, हे सगळं आधी बोलून घ्या. जाहिरातीत ‘भारतीय वेळ’ आणि ‘मराठी’ पहिल्याच ओळीत लिहा. भाच्याला मात्र सध्या अनोळखी टेबलवर नको. त्याच्या वर्गातल्या तिघा-चौघांना घेऊन तुम्हीच एक छोटा खेळ चालवा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आउलबेअर माझ्या लॅपटॉपवर आणि मैत्रिणीच्या मोबाइलवर चालवून पाहिलं, कुठेही अडकलं नाही. भाच्याचा खेळ दिवाळीच्या सुट्टीत घेईन, त्याला आजच सांगितलं.

तर आमंत्रण असं: येत्या शनिवारी रात्री साडेनऊ ते साडेबारा, वन-शॉट, मराठीतून, पाचवी आवृत्ती, पहिली लेव्हल. म्युनिकला तेव्हा संध्याकाळ असते, त्यामुळे आमची मैत्रीणही येईल. तयार पात्रं मी देईन, फासे डिस्कॉर्डच्या बॉटवर टाकता येतील. कथेत भूतबाधा आहे, लहान मुलांना इजा होईल असं काही नाही. आजवर कधीच न खेळलेल्यांसाठी दोन जागा राखून ठेवल्यात. हेडफोन हवा, कॅमेरा नसला तरी चालेल. यायचं असेल तर गुरुवारपर्यंत व्यनि (खाजगी निरोप) करा, आणि कुठलं पात्र आवडेल तेही कळवा: लढवय्या, चोर, मांत्रिक की वैदू.